एका बाहीचा स्वेटर

आमच्या शेजारच्या मारुतीतात्यांनी एक अख्खा उन्हाळा गळ्याशी लोकरीचा गुंडा बाळगून काढला. तोही इंदापूरचा उन्हाळा. इथं दुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं आणि कुत्री गटाराच्या कडेला ओल शोधत पडतात. अशात हा पासष्टी ओलांडलेला गृहस्थ सदऱ्याच्या कॉलरच्या आत लालभडक लोकर कोंबून किराणा आणायला जायचा, दाढी करायला जायचा, एकदा तर कुणाच्या दहाव्यालाही जाऊन आला. कुणी विचारलं, "तात्या, घसा धरलाय का?" तर म्हणायचे, "घसा न्हाय. ट्रायल चाललीय. टोचती का बघतोय."

मानेवर पुरळ उठलं की ती लोकर नापास. मग पुन्हा बारामती, पुन्हा तोच दुकानदार. तो बिचारा सांगून दमला, की तात्या, ही बाळांचीच लोकर आहे, मऊच असते. तात्या म्हणाले, "मऊ हाय का न्हाय ते माझी मान सांगंल. तुमी नगा सांगू."

तात्या एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यातनं एसटी काही उतरली नाही. जेवायला बसताना "हाफ टाइम" म्हणायचे. बायकोनं, म्हणजे पारूकाकूंनी, बोलायला सुरुवात केली की हळूच माझ्याकडं बघून म्हणायचे, "घाट लागला." कुठंही निघायचं झालं की "डबल बेल!" माणूस उंच, आडवा, मिशीवाला, आवाज असा की हॉर्नची गरज पडली नसावी.

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. आता मीही घरीच असते, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून क्रोशानं काहीबाही विणते. तात्या समोरनं जाता-येता टोमणा मारायचे. "बाई, रुमाल झाला, तोरण झालं, टीव्हीला टोपडं झालं. आता काय, विजेच्या खांबाला घालताय काय?"

तेच तात्या एके दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, मला शिकवा."

"काय?"

"ह्येच. आकड्यानं वढायचं."

मला वाटलं चेष्टा आहे. पण खिशातनं त्यांनी क्रोशाची नवीकोरी सुई काढली आणि मांडीवर ठेवली. म्हणाले, "लहान पोराचा सोटर करायचाय. म्होरनं उघडा, बटनाचा. डोक्यातनं घालायचा नगं, पोरं रडत्यात." मग थांबून, आवाज बराच खाली आणून, "वैशालीला दिवस हायत."

वैशाली त्यांची एकुलती मुलगी. लोणी भापकरला दिलेली. नवऱ्याची शेती, माणसं चांगली, सगळं चांगलं. पण दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा ती रिकाम्या हातानं माहेरी येऊन पडली होती. त्या वेळी तात्यांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. तात्याही नाही. त्यामुळं मी पुढं काही विचारलं नाही. सुई कशी धरायची ते दाखवलं.

विद्यार्थी म्हणून तात्या अवघड होते. सुई ते गिअरच्या दांड्यासारखी मुठीत धरायचे. साखळीचे टाके इतके आवळायचे, की त्यातनं पुन्हा सुई घालायला पक्कड लागावी. "ढिल्या हातानं, तात्या," मी म्हणायचे. "ढिल्या हातानं गाडी खड्ड्यात जाती," ते म्हणायचे. ओळ संपली की तीन साखळ्या घालून वळायचं असतं. त्याला त्यांनी "टर्निंग" असं नाव दिलं. टर्निंग घेताना ते स्वतःही ओट्यावर थोडे कलायचे. चुकलं आणि उसवावं लागलं की "रिव्हर्स". रिव्हर्स घेताना मान मागं वळवून बघायचे. मागं काहीही नसायचं.

पहिला तुकडा त्यांनी चौकोनी म्हणून सुरू केला. प्रत्येक ओळीतला शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, ते घालायचेच विसरत. चौकोन अरुंद होत होत टोकाला गेला आणि हातात लाल त्रिकोण आला. तो उंच धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाले, "बाई, ह्यो देवळावर लावता येईल."

पण चिकाटी अशी, की महिनाभरात पाठ सरळ आली. मग पुढचे दोन भाग. रंगावरनं आमचं भांडण सुरुवातीलाच झालं होतं. मी म्हटलं, बाळाला फिकट पिवळा घ्या, मोतिया घ्या. तात्या म्हणाले, "लालच. एसटीचा लाल. लांबनं दिसलं पायजे."

"रांगणारं पोर लांबनं कशाला दिसायला हवं?"

"रांगणारंच सापडत न्हाय," तात्या म्हणाले.

मापाचं त्यांना भलतंच वेड लागलं. मी सांगितलेल्या मापावर विश्वास नाही. रविवारच्या बाजारात, स्टँडवर, दवाखान्याबाहेर, कुठंही तान्हं पोर दिसलं की तात्या त्याच्या पाठीवर वीत टाकायचे. एकदा भाजी घेत होते. शेजारी एक बाई कडेवर पोर घेऊन भेंडी निवडत होती. तात्यांनी मागनं हळूच वीत टाकली, वर चार बोटं टाकली, आणि मोठ्यानं म्हणाले, "काखेत जरा टाइट व्हईल." ती बाई वळली आणि असा आरडाओरडा केला, की अर्धा बाजार गोळा झाला. मी मध्ये पडून समजूत घातली. ती शांत झाल्यावर तात्यांनी विचारलं, "ताई, किती महिन्याचं हाय?" तिनं पोर पदराखाली झाकलं आणि भेंडी न घेताच गेली.

हे सगळं पारूकाकूंपासून लपवून चाललं होतं; घरात शिरताना गळ्याची लोकर खिशात जायची. काकूंचा नियम साधा: बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, शिवायचं नाही, नावसुद्धा काढायचं नाही. आधीच्या खेपेला वैशालीच्या सासूनं हौसेनं झबली शिवून ठेवली होती. ती झबली पुढं कुणी नेली, काय झाली, कुणी विचारलं नाही. तेव्हापासून काकूंचा नियम अधिकच कडक झालेला.

पण लाल लोकर ती. तात्यांच्या धोतराला, अंथरुणाला, मिशीलाही तिचे तंतू सापडायला लागले. एका संध्याकाळी काकू थेट माझ्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. तात्यांच्या मांडीवर स्वेटर, सुई मध्येच अडकलेली.

"काय चाललंय हे?"

तात्यांनी स्वेटर उचलून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. पाठ होती, पुढचे दोन भाग होते, उजवी बाही होती. डावीकडं नुसतं भोक.

"एका बाहीचा सोटर आसतो का कुठं?" तात्या म्हणाले.

"न्हाय."

"मग ह्यो सोटरच न्हाय. ह्यो नुसता लोकरीचा गुता हाय. पोर झाल्याबिगर मी दुसरी बाही करणार न्हाय. मग तर झालं?"

काकूंनी त्या भोकात हात घालून बघितला. त्यांच्या मनात काय गणित झालं कुणास ठाऊक. "त्या बाहीला हात लावायचा न्हाय," एवढं बजावून त्या गेल्या. तात्या माझ्याकडं वळून कुजबुजले, "घाट उतरला."

खरी पंचाईत त्यानंतर झाली. बाही करायची नाही आणि हात तर स्वस्थ बसत नाहीत. मग तात्या झालेलंच उसवायचे आणि पुन्हा विणायचे. सकाळी पाठ असायची, दुपारी नसायची. कट्ट्यावरचे लोक विचारायचे, "तात्या, झाला का सोटर?" तात्या म्हणायचे, "गाडी डेपोत हाय, काम चालू हाय."

दिवस भरायला अजून चांगला अवकाश होता, तेव्हाच एके सकाळी जावयाचा फोन आला. वैशालीला बारामतीला हलवलं होतं. दुपारपर्यंत मुलगी झाली. फार लहान. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

तात्या आणि काकू मिळेल त्या गाडीनं गेले. जाताना डबल बेल नाही, काही नाही.

दोन-तीन दिवसांनी मी डबा घेऊन बारामतीला गेले. दवाखान्याच्या लांब बोळात बाकावर तात्या बसले होते. एवढा आडवा माणूस त्या बाकावर किती थोडी जागा घेऊन बसला होता! मिशी विस्कटलेली. वैशाली वरच्या मजल्यावर होती, काकू तिच्यापाशी. बाळाला आईशिवाय कुणाला भेटू देत नव्हते. डॉक्टर म्हणत होते, थांबू या. श्वास तिचा ती घेतेय, पण वजन वाढलं पाहिजे.

मी शेजारी बसले. तात्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतनं स्वेटर काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"बाई, उसवून टाका."

"का?"

"टाका. माझ्यानं व्हत न्हाय." मग जमिनीकडं बघत म्हणाले, "तिनं सांगितलं हुतं. आधी करू नगा म्हणून. मीच वकिली केली. एक बाही ऱ्हायलीय म्हणून देव काय फसतोय व्हय?"

मी शाळेत आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धेवर धडे दिले. त्यातलं एकही वाक्य मला तिथं आठवेना. मी म्हटलं, "तात्या, असं काही नसतं." ते म्हणाले, "नसंल. पर उसवा."

लोकरीचं टोक माझ्या हातात होतं, तेवढ्यात जिन्यावरनं पारूकाकू उतरल्या. त्यांनी मला पाहिलं, स्वेटर पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं. जवळ येऊन माझ्या मांडीवरनं स्वेटर उचलला. मला वाटलं, आता ह्या बोळात सगळ्यांसमक्ष घाट लागणार.

काकूंनी तो स्वेटर तात्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाही करा," त्या म्हणाल्या.

तात्यांनी स्वेटर परत माझ्याकडं सरकवला.

"तुमीच म्हणलं हुतं न्हवं, पोर झाल्यावर? पोरगी झालीय. वरती हाय. आत्ता मी काचंतनं बघून आले, पाय झाडतीय. आता कशाची वाट बघताय? करा बाही." आणि कंबरेची पिशवी सोडून त्यांनी त्यातनं चुना-तंबाखूच्या मधनं तात्यांची क्रोशाची सुई काढून दिली. घरातनं निघताना तात्या ती विसरले होते. काकूंनी आठवणीनं घेतली होती.

तात्यांनी डावी बाही दवाखान्याच्या बाकावर विणली. येणारे-जाणारे थांबून बघायचे. दवाखान्यातल्या बोळात मिशीवाला म्हातारा लाल स्वेटर विणतोय ही गोष्ट मजल्यामजल्यावर पसरली. कुणाची तरी आत्या येऊन सल्ला देऊन जायची, कुणाचा मामा बाकाच्या कडेला टेकून आपलं दुखणं सांगायचा. तात्या मान हलवायचे आणि टाके घालायचे. इथंही दोनदा रिव्हर्स झालाच. रात्रीची ड्यूटी संपवून निघालेल्या एक सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, एवढा मोठा? तुमची नात ह्यात हरवेल." तात्या म्हणाले, "म्हणूनच लाल घेतलाय."

पोरीनं वजन धरलं. आधी कासवाच्या गतीनं, मग जरा बरं. काचेच्या पेटीतनं तिला आईच्या कुशीत दिली. मग एके दिवशी डॉक्टरांनी घरी न्यायला परवानगी दिली, तेव्हा मी मुद्दाम बारामतीला गेले होते. स्वेटर धुऊन, उन्हात वाळवून आणलेला. वैशालीनं लेकीला घातला. बाह्यांतनं हात दिसेनात. खालची कड पायाच्याही खाली गेली. वर एवढंसं तोंड, डोळे मिटलेले. सगळे हसलो. काकूही हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या.

तात्या दारातच उभे होते.

"तात्या, घ्या की," वैशाली म्हणाली.

"नगं, माझं हात खरबरीत हायत."

"धुवा आन् घ्या."

तात्यांनी हात धुतले. साबण लावून, कोपरापर्यंत, दोनदा. धोतराला पुसले, मग धोतर स्वच्छ नाही असं वाटून पुन्हा धुतले. खुर्चीत बसले आणि दोन्ही हात पुढं केले. वैशालीनं बाळ ठेवलं.

तात्या हलेनात. श्वाससुद्धा बेतानं घेत होते. मग बाळाकडंच बघत, पण वैशालीला म्हणाले, "तू झालीस तवा मी मुक्कामी गाडीवर हुतो. मग दुसरी ड्यूटी लागली, मग तिसरी. घरी येईस्तवर तू निजलेली आसायचीस. उठवलं तर तुजी आई वरडायची. मी तुला पैल्यांदा उचलून घेतलं, तवा तू चालत हुतीस. पळून गेलीस. मला वळकलं न्हाईस."

वैशालीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच ठेवला.

खाली जावयानं गाडी दाराशी लावली होती. सामान भरून झालं होतं. काकू म्हणाल्या, "अवो, द्या आता तिच्याकडं. हात अवघडला आसंल."

"आसू दे," तात्या म्हणाले.