एकतीस वेढे

वेढे सात

नळ गळत नव्हता. गळत होता नळ आणि भिंत यांच्यामधला दीड इंची पितळी तुकडा. नव्या नळाची मूठ भिंतीला घासत होती, म्हणून त्याने तो सकाळीच टेपचे सात वेढे देऊन बसवला होता. दुकानदाराने दोन तुकडे पुढे ठेवले होते, एक सरळ आट्यांचा, दुसरा टोकाकडे निमुळता होत गेलेला. सरळ तुकडा दुकानातल्या सॉकेटमध्ये बोटांनीच सर्रकन आत गेला, म्हणून त्याने तो घेतला. घरी चार आटे जाऊन तो अडला. त्याने पान्याने त्याची समजूत घातली.

थेंब. थेंब.

बाबांना बोलावू का, असं बायकोने विचारलं. तो नको म्हणाला.

वेढे पंधरा

नको म्हणण्याला कारण होतं. सासरे चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते. लग्नानंतर कचेरीत काम करणाऱ्या जावयाने मारलेला पहिला खिळा शेजाऱ्यांच्या बाजूने बाहेर निघाला, त्या दिवसापासून ते त्याला 'कागदवाले' म्हणत. फोनवरसुद्धा. हा नळ कोरडा राहिला असता तर ते नाव आज पुसलं गेलं असतं.

त्याने तुकडा काढला, टेपचे वेढे दुप्पट केले आणि वर एक शोभेला दिला. दहा मिनिटं सगळं कोरडं होतं. या दहा मिनिटांत त्याने सासऱ्यांना नळाचा फोटो पाठवला.

थेंब. थेंब. थेंब.

वेढे एकतीस

टेप संपली. तुकडा आता आतच जाईना, त्याला बँडेज केलेल्या अंगठ्याची कळा आली होती. त्याने भिंतीला पाय लावला, पान्याला लोंबकळला आणि तुकडा आत रेटला. भिंतीच्या आत कट् असा आवाज झाला. तो आपला नसावा, असं त्याने ठरवलं.

पाणी आता थेंबांचा नाद सोडून सरळ धारेने आलं. त्याने धावत जाऊन गच्चीवरचा कॉक बंद केला. सगळं घर कोरडं झालं, बायकोच्या डोक्यावरचा फेस तेवढा राहिला.

"अहो," ती आतून म्हणाली, "फोन द्या इकडे."

वेढे तीन

सासरे पिशवी घेऊन आले. त्यांनी तुकडा बाहेर काढला, चष्म्यासमोर धरला आणि एकतीस वेढे सावकाश, एकेक मोजत उलगडले. मग बोलले.

"सरळ आट्याचं पाणी वायसर अडवतं, टेप नाही. निमुळता तुकडा जातानाच घट्ट होत जातो. भिंतीत पाइप वळतो तिथला एल्बो निमुळता, त्यात तुम्ही घातला सरळ. दोघांची गाठ पडायची कशी? शेंबड्या पोराला कळतं हे, कागदवाले."

त्यांनी पिशवीतला निमुळता तुकडा घेतला, आपल्याच टेपचे तीन वेढे दिले, दोन झटक्यांत बसवला. कॉक उघडायला लावला. सांधा खडखडीत कोरडा.

मग नळाच्या वर, भिंतीतल्या दोन फरशांच्या फटीतून पाणी पाझरू लागलं.

हेही कागदवाल्यांचंच काम, असं सासऱ्यांनी जाहीर केलं. पान्याला लोंबकळलं की आतले सांधे हलतात. बोलायला जावयाकडे तो कट् आवाज सोडून काही नव्हतं. कॉक पुन्हा बंद झाला. छिन्नी निघाली. फेस वाळलेल्या केसांनी बायको टॉर्च धरून उभी राहिली.

वेढे नाहीत

फरशी फुटली. आत एल्बो दिसला, आणि त्याच्या मागच्या तोंडात पितळी तुकडा. टेप नव्हती, सुतळी होती, तिच्यावर सफेद्याचा लेप होता, सगळं दगडासारखं वाळलेलं. सासऱ्यांनी ते खरवडलं.

आटे सरळ होते. टोकापर्यंत सरळ. तुकड्यावर कारखान्याचा शिक्का होता.

"निमुळत्यात सरळ," सासरे कडाडले, "आणि वर सुतळी कोंबलीय. कुठल्या गाढवानं बसवलं हे?"

घर घेतलं त्या वर्षी या भिंतीत कोणी काम केलं होतं, हे तिघांपैकी दोघांना चांगलं ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वीही टॉर्च मुलीनेच धरली होती. तिने फक्त हात थोडा वळवला. उजेड एल्बोवरून, सासऱ्यांच्या कारखान्याच्या शिक्क्यावरून सावकाश वर सरकला आणि बाबांच्या चेहऱ्यावर थांबला.

सासऱ्यांनी डोळे मिचकावले. चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "ओळखीचा एखादा प्लंबर आहे का?"