जिवंत बायकोचा मृत्युलेख

बायको ऑपरेशन टेबलावर असताना मी तिचा मृत्युलेख लिहायला घेतला. हे वाक्य वाचून माझ्याबद्दल तुमचं जे मत झालं असेल, तेच माझंही आहे. (मजकूर छापण्याआधी तिला दाखवला. या वाक्यापाशी तिने समासात 'बरोबर' लिहिलं.)

तरी कारण सांगतो. मी चाळीस वर्षं वार्ताहर होतो. आमच्या धंद्यात मोठं माणूस आजारी पडलं की त्याचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात, म्हणजे ऐन वेळी धावपळ होत नाही. अशी शंभरेक माणसं मी जिवंतपणी पोचवली आहेत. त्यातली काही माझ्या निरोप समारंभाला येऊन चांगलं बोलली.

आम्ही सहा वर्षं वेगळे राहत होतो. त्याला कारण एक पूल. तो पडला, अकरा माणसं गेली. सिमेंटच्या खोट्या अहवालावर सही करणारा इंजिनिअर माझा मेहुणा, बायकोचा भाऊ. त्याने ते बहिणीला रडत सांगितलं, बहिणीने जेवताना मला सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापलं. 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते.' विश्वसनीय सूत्र तेव्हा बेसिनपाशी ताटं विसळत होतं. मेहुण्याला सूत्र ओळखायला पाच मिनिटं लागली नाहीत. तो बहिणीशी पुन्हा बोलला नाही आणि दोन वर्षांनी तसाच गेला.

बातमी खरी होती. छापायलाच हवी होती, आजही हवी. पण एवढंच एक वाक्य मी बायकोला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी तिने माझी बॅग दाराबाहेर ठेवली.

मग एक दिवस तिचा फोन.

"मंगळवारी हार्टचं ऑपरेशन आहे. सहीला जवळचं माणूस लागतं. पोरगी शनिवारशिवाय पोचत नाही. येशील?"

"येतो. आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू. 'बातमी खरी होती' असं एकदा जरी म्हणालास, तर तिथूनच परत जायचं. कायमचं."

म्हणजे एक संधी, तीही तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर.

चार तास लोखंडी बाकावर काढायचे होते. प्रार्थना मला येत नाही, रडणं जमत नाही. खिशात पेन होतं आणि हातात 'ऑपरेशननंतर घ्यावयाची काळजी' हा कागद. मागची बाजू कोरी. हात आपोआप चालू लागला. 'तीस वर्षं औषधांचं दुकान चालवणाऱ्या' वगैरे दोन परिच्छेद सरसर झाले. तिसऱ्याला हात अडला, आणि मग जे लिहिलं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

एवढ्यात सर्जन बाहेर आले. "ऑपरेशन छान झालं."

माझ्या मनात पहिला विचार आला, मजकूर वाया गेला. (दुसरा विचार आला तेव्हा मी भिंतीला धरून उभा होतो आणि सिस्टर विचारत होती, "काका, पाणी देऊ?") त्या गडबडीत सिस्टरने माझ्या हातातला कागद फाइलला लावला.

मी निर्धास्त होतो. माझं अक्षर ऑफिसात कुणालाच लागत नसे. पण माझी बायको तीस वर्षं दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत आली होती, हे मी विसरलो.

तिसऱ्या दिवशी मी खोलीत शिरलो तर तिच्या हातात तो कागद.

"'निधन झाले'?"

"तशी पद्धत असते."

"किती वाजता?"

"वेळ मोकळी सोडली होती."

"वय एकसष्ट लिहिलंयस. मला अजून साठ पूर्ण नाहीत. बातमीदार म्हणे!"

मग तिने तिसरा परिच्छेद मोठ्याने वाचला. "'भावाची गोष्ट त्यांनी जेवताना नवऱ्याला सांगितली होती, वार्ताहराला नाही. नवऱ्याने छापण्याआधी त्यांना विचारले नाही, कारण त्या नाही म्हणतील याची त्याला खात्री होती. भाऊ त्यांनी गमावला. पुरस्कार नवऱ्याला मिळाला.'"

तिने कागद मांडीवर ठेवला.

"हे ऐकायला मी मरायला हवं होतं का?"

"तोंडावर जमत नव्हतं."

"आणि माझ्या भावाला कोण सांगणार आता?"

मंत्र्यांना घाम फोडणारा मी खाली फरशी बघत राहिलो.

"खाली नाव नाहीये," ती म्हणाली.

"मृत्युलेखाखाली नाव टाकत नाहीत."

"टाक."

मी टाकलं. तारखेसकट. तिने कागद चार घड्या करून उशीखाली ठेवला.

"माफ केलंस?"

"छातीला टाके आहेत. हसवू नकोस."

आठवड्याने तिला घरी आणलं. मला माझी बॅग आत ठेवू दिली, तूर्त पॅसेजमध्ये. संध्याकाळी शेजारच्या बाई चौकशीला आल्या. नव्याने राहायला आलेल्या, त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी एका हातात औषधांचा डबा, दुसऱ्यात फडकं घेऊन उभा.

"हे तुमचे मिस्टर का?" त्यांनी हळूच विचारलं.

बायकोने माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"असं समजतंय," ती म्हणाली. "अजून पुष्टी झालेली नाही."