आप्पांचा वीतभर घोडा

आमच्या सारंगखेड्यातले भिका आप्पा नव्या माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात. मी शाळेवर बदली होऊन आलो, त्या दिवशी त्यांनी मला ओट्यासमोरून दोनदा चालायला लावलं आणि निकाल दिला, "गुरुजी, डावा पाय उशिरा टाकी ऱ्हायनात तुम्ही." तेव्हापासून त्यांच्या दारावरून जाताना मी दोन्ही पाय जपून टाकतो. शेजारीच राहायचंय, करणार काय.

उभा जन्म आप्पांनी इथल्या घोड्यांच्या यात्रेत विकायला आणलेले लोकांचे घोडे शिकवले. मग गुडघे गेले, घोडे थांबले, आणि गेल्या वर्षी काकूही गेल्या. म्हणून सुरतेला दिलेली त्यांची मुलगी सुनंदा एक कुत्रं घेऊन आली. तिथल्या बेवारस प्राण्यांच्या आश्रमातलं, टेरियर जातीचं, वर्षभराचं, तांबूस, दाढीवालं. नाव ब्राउनी. आधीच्या दोन घरांतून पळालेलं. घरापुढे मोठा रस्ता, म्हणून आश्रमाची अट एकच होती. महिन्याने तिथल्या बाई बघायला येणार आणि हाकेला आलं नाही, तर कुत्रं परत नेणार.

"इतला घोडा शिकाडात मी," आप्पा म्हणाले. "हाऊ काय शे, वीतभर."

दुसऱ्या दिवशी मैदानात ही गर्दी! मधोमध आप्पा, हातात लांब दोरी, दोरीच्या टोकाला कुत्रं. चाल, दुडकी, थांब. चौथ्या दिवशी ते ढोलकीच्या तालावर पुढचा पाय उचलायला लागलं. मी शाळेला उशिरा गेलो, पण ते बघायचं सोडलं नाही.

मात्र हुशार जनावर फार दिवस ऐकत नाही. एके सकाळी बघतो तर कुत्रं मधोमध बसलेलं, दोरीचं टोक त्याच्या दातात, आणि दुसरं टोक धरून आप्पा त्याच्याभोवती लंगडत फेऱ्या मारतायत.

"त्याले दमाडी ऱ्हायनू," आप्पा मला म्हणाले. कुत्रं जांभई देत होतं.

महिना भरायला तीन दिवस उरले तेव्हा मी सहज विचारलं, "आप्पा, हाकेला येतो का?"

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "घोडाले कोन बलावस? आपुन जातस त्यानाकडे."

या माणसाने कुत्र्याला नाचायला शिकवलं होतं, पण एकदाही हाक मारली नव्हती. ब्राउनी हे नाव तर त्यांच्या जिभेवर आलंच नव्हतं. मी म्हणालो, मग दुसरं ठेवा. आप्पा दोरी गुंडाळायला लागले.

"नाव ठेवं का जीव आटकस," ते म्हणाले. "मंग यात्रामा दुसराना हातमा दोर देवाले हात उठत नही."

पुढे तीन दिवस मी हाका मारल्या, सुनंदाने फोनवरून मारल्या. कुत्रं आमच्याकडे पाठ करून बसायचं.

बाई आल्या. भल्या होत्या, पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी पट्टा सोडला आणि कुत्रं जे सुटलं ते थेट पपईच्या शेतात, उंदराचं बीळ उकरायला. माती उडतेय, शेपटी तेवढी दिसतेय.

"बोलवा," बाई म्हणाल्या.

आप्पा बांधापर्यंत गेले. सवयीने त्याला आणायलाच निघाले होते. बाईंनी मान हलवली, तसे थांबले. मग दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत ते मातीतच बसले.

"ये ना रे भो," ते कुत्र्याला म्हणाले. "मन्हाजोडे ये. घरमा कोनी नही शे."

उकरणं थांबलं. मातीने भरलेली दाढी वर आली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग ते धावत आलं आणि आप्पांच्या मांडीवर चढलं.

बाईंनी कागद काढला. "नाव ब्राउनीच ठेवायचं ना?"

आप्पांनी मान वर केली नाही. कुत्र्याच्या कानातली माती बोटाने काढत म्हणाले, "नाव ठेवसू सावकाश. आते हाऊ कोठे जास?"