आग पेटेना

संयोगिताला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. वडजाई नगरपंचायतीच्या अग्निशमन केंद्रात अकरावी-बारावीच्या सहा पोरापोरींचं ज्युनिअर पथक निघालं, त्याला तीन महिने झाले होते. तेवढ्या काळात गावात साधा कचऱ्याचा डबाही पेटला नव्हता. पथकानं पाइप उलगडला, गुंडाळला, परत उलगडला. एवढंच.

आज मात्र शाळेच्या मैदानावर अध्यक्षबाईंसमोर प्रात्यक्षिक होतं. ते जमलं तर पथक राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्यात संयोगिताचे वडील हंबीरराव, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुद्दाम बघायला येणार होते.

"तुमचा काय दंगा चालतो ते एकदा बघतो," ते म्हणाले होते, "न्हाईतर उद्यापास्नं नुसता क्लास आन् अभ्यास."

कार्यक्रम अकराला होता. संयोगिता सातलाच हजर झाली. तिनं मांडवातल्या खुर्च्या दोनदा सरळ केल्या, सगळ्यांच्या हेल्मेटचे पट्टे ओढून बघितले, मैदानाला चार फेऱ्या मारल्या. मग तिचं लक्ष धुळीकडे गेलं.

"ऋषिराज, बाईंच्या साडीचा पार रंग बदलंल रं. बंबाच्या गाडीतलं पाणी मार की जरा."

पथकातल्या ऋषिराजला पंप चालवता येत होता आणि संधी मिळत नव्हती. "किती मारू?"

"धूळ बसंपर्यंत."

धूळ बसली. प्रात्यक्षिकासाठी रचलेल्या उसाच्या पाचटाच्या ढिगालाही आंघोळ घडली. तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

अकराच्या कार्यक्रमाला बाई साडेअकराला आल्या. हार झाले, भाषण झालं. केंद्रप्रमुख लालासाहेबांनी माइक हातात घेतला. "आता आग लावण्यात येईल!"

पहिली काडी विझली. दुसरीही विझली. पेटी संपली. देवळातून कापूर आला. तो छान जळला आणि एकटाच जळून गेला. रॉकेलचा बोळा टाकला, तर बोळ्याची राख झाली आणि पाचट तसंच हिरमुसलेलं पडून राहिलं.

"आवं सायेब, पंखा आणू का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"आग लागतच न्हाई, तर पथक कशाला पायजे?" दुसऱ्यानं री ओढली.

मांडव हसायला लागला. पहिल्या रांगेत हंबीररावांनी हाताची घडी घातली. संयोगितानं ढिगाच्या बुडाशी बोट लावलं. आत चिखल होता.

इतक्यात शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या रंगुबाई पदर खोचून पुढं आल्या. "सरका रं. चूल पेटवायला परेड लागती व्हय?"

त्यांनी स्वयंपाकघरातून सुक्या शेणी आणि ढलप्या आणल्या, ढिगाच्या बुडात सारल्या, खाली वाकून दोन फुंकरा घातल्या. आधी धूर निघाला. इतका, की अध्यक्षबाई दिसेनाशा झाल्या आणि फक्त त्यांचा खोकला ऐकू येत राहिला. मग आतून तडतड झाली, जाळ वर आला, टाळ्या पडल्या. त्याच वेळी वारा फिरला आणि जाळ मांडवाकडे झुकला.

लालासाहेबांनी शिट्टी मारली. "पाणी सोड!"

ऋषिराजनं नळी रोखली. नळी दोनदा शिंकली, पेलाभर पाणी टाकून गप्प झाली.

"सायेब, टाकी रिकामी हाय."

"रिकामी? काल सांच्याला काठोकाठ भरलीया मी!"

ऋषिराजनं संयोगिताकडे बघितलं. संयोगितानं मैदानाकडे बघितलं. मैदान कसं ओलं, चापूनचोपून बसलेलं होतं.

मांडवाच्या झालरीनं पेट घेतला. खुर्च्या पडल्या, माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. संयोगिता मात्र उलट्या दिशेला, शाळेच्या हौदाकडे पळाली. रंगुबाईंच्या बादल्या, पातेली, डाळीचा डेचका, हाताला लागेल ते तिनं भरायला लावलं.

"रांग करा! हौदापास्नं आगीपत्तूर!"

बाहेर पडलेली माणसं नुसतीच बघत उभी. धुरात सगळ्यात जवळ जो उभा होता त्याच्या छातीवर तिनं बादली आदळली. "आवं, बघताय काय? फोटू काढायला आलाय व्हय? धरा ही, आन् फुडं द्या!"

"जी!" तो माणूस ताठ होऊन म्हणाला.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिनं वर बघितलं. हंबीरराव होते. पण तोवर दुसरी बादली आली होती आणि लाजायला सवड नव्हती.

रांग लागली. अध्यक्षबाईही चपला काढून मधोमध उभ्या राहिल्या. दहा मिनिटांत आग विझली. झालर हातभर जळाली आणि बाईंची साडी पिळण्याजोगी झाली. त्यांनी काजळी लागलेल्या हातानं माइक मागितला, तसे लालासाहेब डोळे मिटून उभे राहिले.

"मुद्दाम टाकी रिकामी ठेवून पोरांची खरी परीक्षा घ्यायची, ही लालासाहेबांची कल्पना मला फार आवडली," बाई म्हणाल्या. "पथक चालू राहील."

लालासाहेबांनी डोळे उघडून सलाम ठोकला.

गर्दी पांगल्यावर संयोगिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, पाणी मी मारायला लावलं."

"ठावं हाय. महिनाभर गाडीची टाकी तू भरायचीस. आता जा घरी."

वाटेत हंबीरराव झपाझप पुढं चालत होते. संयोगितानं मनातल्या मनात क्लासचं वेळापत्रकसुद्धा लावून टाकलं. शेवटी तिलाच राहवेना. "आबा, चारचौघांत वरडले तुमच्यावर. चुकलं."

ते थांबले. "वयाची अट काय हाय गं तुमच्यात?"

"अठराच्या आत."

"मग मोठ्यांनी काय करायचं?" ते चिडून म्हणाले आणि भर चौकात फोन लावला. "लालासाहेब, हंबीरराव बोलतोय. आमी आठ पेन्शनर हाय गावात. बसून बसून गंज चढलाय. आमचं बी पथक काढा."

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. हंबीरराव "व्हय, व्हय" करत ऐकत होते. फोन ठेवून त्यांनी टोपी सारखी केली आणि लेकीकडे वळले.

"नव्या भरतीचं सगळं तुझ्याकडं हाय म्हणत्यात," ते म्हणाले. "उद्या किती वाजता हजर व्हायचं?"