दोन वीत लांब पेटी

आमच्या कंधारच्या गल्लीत टेप वापरायला नकार देणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या भिंतीपलीकडे राहतो. हाळीकर सर सगळं तुराटीनं मोजतात. तूर झोडपल्यावर उरते ती वाळकी काडी. तिचा एक तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशातून पेनाशेजारी डोकावत असतो. मी एकदा लोखंडी टेप नेऊन दिला. सरांनी तो कौतुकानं ओढून पाहिला, सटकन आत जाऊ दिला आणि परत केला. "लई चांगला हाय बालाजी," म्हणाले, "पण ह्याच्यात माझं माप न्हाई."

मी एसटीत कंडक्टर. पहाटे नांदेडची पहिली गाडी, दुपारी घरी येऊन दोन घास खायचे आणि आडवं व्हायचं, एवढंच आपलं सुख. ह्या उन्हाळ्यात तेही गेलं. पाठ टेकली की पलीकडे करवत सुरू. नुसती करवत असती तर सवय झाली असती. एसटीत बसून झोपणारी माणसं मी रोज बघतो. पण सर मध्येच थांबायचे. डोळा लागतो न लागतो तोच हातोडी. बायको म्हणायची, जाऊन सांगा की. पण ज्या माणसानं आपल्याला भूगोल शिकवला, त्याला झोपेचं कसं सांगणार?

सरांचा भूगोल म्हणजे नकाशा, आणि नकाशा म्हणजे प्रमाण. "प्रमाण चुकलं की देश चुकतो," हे वाक्य गल्लीतल्या बापालाही पाठ आणि लेकालाही. हाताच्या कामाशी मात्र त्यांचा संबंध खडूपुरता. घरातलं बाकी सगळं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, करायच्या. नळाचा वायसर, उडालेला फ्यूज, कूलरची मोटर, झालंच तर आमच्या घरचा मिक्सर. काकू स्टुलावर चढून पंखा खोलणार आणि सर खाली पेपर वाचत जगाची काळजी करणार. त्यावरून काकू रोज त्यांची खरडपट्टी काढायच्या, आणि ती आम्हाला भिंतीतून फुकट ऐकू यायची.

मग शुगरनं काकूंची नजर नेली. आता दार कुठं आहे तेवढं त्यांना उजेडावरून कळतं. हत्यारं सगळी एका पोत्यात असायची. एकदा पक्कड शोधायला त्यांनी पोत्यात हात घातला आणि लाकूड तासायच्या धारदार पटाशीनं तळहात चिरला. त्या दिवशी त्यांनी पोतं पलंगाखाली ढकललं ते ढकललंच. तेव्हापासून ओट्यावर नुसत्या बसून. सरांच्या हातची भाजी अळणी झाली तरी शब्द नाही. सगळी गल्ली म्हणायची, बिचाऱ्या शांत झाल्या. सरांना ती शांतता सोसवेना.

प्रत्येक हत्याराला वेगळा खण असलेली लाकडी पेटी केली, तर काकूंना न बघता सापडेल, असा त्यांनी हिशेब केला. उस्मानभाई सुतार म्हणाले, एका दुपारीत करून देतो, पैशाचं बघू नंतर. सर ऐकेनात. "तुमची पेटी तिला दिली तर ती म्हणंल, आता घरात दुरुस्तीला माणूस बोलवायला लागले. मग ती कायमचीच उठायची न्हाई."

पेटी केवढी पाहिजे, असं त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी तोंड फिरवून "दोन वीत" म्हणून टाकलं. सर ताडमाड, पंजा सुपाएवढा. त्यांनी आपल्याच वितीनं फळ्या कापल्या. पेटी झाली ती एवढी ऐसपैस, की काकूंच्या मांडीवर मावेना. शेवटी शेजारच्या कोंबडीनं त्यात अंडं घातलं. जन्मभर प्रमाण शिकवलेल्या माणसाचं बायकोच्या हाताचं प्रमाण चुकलं, म्हणून गल्ली पोट धरून हसली. मीही हसलो, पण जांभई देत.

तुराटी आली ती त्यानंतर. हे मला सरांनीच सांगितलं, इकडेतिकडे बघत. "मोजतो म्हटलं की ती हात आखडून घेती. मग झोपली होती तवा मोजला." काकूंच्या उघड्या पंजाशेजारी काडी धरून त्यांनी अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचा तुकडा मोडून घेतला होता. एवढं सांगून ते घाईनं करवत शोधायला लागले. मला त्या दिवशी आवाजाचं काही बोलता आलं नाही.

दुसरी पेटी बाहेरून बरोबर दोन वीत भरली. फळीची जाडी सरांनी धरलीच नव्हती, त्यामुळे आत हातोडी जाईना. पुन्हा करवत.

एके दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. लग्नसराईची गर्दी, सुट्ट्या पैशावरून भांडणं, आणि घरी येऊन पडतो तर ठकठक. तसाच उठलो. काय बोलायचं ते मनात जुळवत सरांच्या दारात गेलो.

काकू खाली बसल्या होत्या आणि तिसरी पेटी, हत्यारं खणाखणांत लावलेली, त्यांच्या मांडीवर होती. सर समोर उकिडवे, निकालाच्या दिवशी पोरं बसतात तसे. मला बघून त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

काकूंनी कड चाचपली, एकेक खण चाचपला. मग एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"खिळा वर राहिलाय हितं. इतके दिवस ठोकून राहिलात, एक खिळा धड बसवता येईना तुम्हाला?"

तो आवाज मी किती महिन्यांनी ऐकला. काकूंचा हात खणांवरून सरकला आणि हातोडीच्या दांड्यावर जाऊन बसला. शोधावं लागलं नाही. पेटी त्यांनी फरशीवर टेकवली.

"बोट ठेवा खिळ्याजवळ. म्हणजे कळंल मला."

सरांनी बोट ठेवलं. काकूंनी डाव्या हातानं ते चाचपून पाहिलं, अंदाज घेतला आणि हाणलं. घाव बोटावर बसला. सरांचं नख काळंनिळं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं नाही.

"लागलं का?" काकूंनी विचारलं.

"न्हाई," सर म्हणाले. बोट त्यांनी काढलंही नव्हतं. "खिळ्यालाच बसला. मार अजून एक."