मार्थामावशींनी वर कळवलं

मला मूळव्याध आहे, ही गोष्ट केडगावातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला मार्थामावशींच्या प्रार्थनेतून कळली.

संध्याकाळचे सात वाजले होते. मी पायरीवर पेपर वाचत बसलो होतो आणि शेजारच्या खिडकीतून खणखणीत आवाज आला, "हे प्रभू, आमच्या शेजारचे मोहनराव. पाटबंधारे खात्यात दिवसभर बसून काम. खाण्यात तिखट लई, आन् सांगून ऐकत न्हाईत. त्यांच्या मूळव्याधीला उतार पडू दे, आन् त्यांना ताक प्यायची बुद्धी दे." समोरच्या ओट्यावरून शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तीन घरांतून ताक आलं.

मार्थामावशी जामखेडकडच्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी केडगावात घर घेतलं. त्यांची आणि आमची भिंत एकच. नवरा फार लवकर गेलेला. घरात मुलगा शमुवेल आणि मुलगी रूथ. दवाखान्याची सवय अंगात इतकी भिनलेली, की प्रार्थनाही त्या केसपेपर भरल्यासारखी करायच्या. नाव, वय, तक्रार, कधीपासून, आधी कोणतं औषध घेतलं. "देवाला अर्धवट माहिती दिली, तर उपचारबी अर्धवटच व्हायचा," असं त्यांचं म्हणणं.

ताकाच्या प्रकरणानंतर मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं. नाव न्हाई घेत." त्या संध्याकाळी प्रार्थना झाली ती अशी: "प्रभू, भिंतीच्या पलीकडं एक गृहस्थ हायेत. त्यांचं नाव घ्यायला मनाई हाय. दुखणं कालचंच."

पुढे कितीतरी महिने गल्लीतली पोरं मला मनाईकाका म्हणत होती.

सात म्हणजे सात. त्या वेळी त्यांच्या घरातले सगळे मोबाईल पोळ्यांच्या डब्यात जायचे आणि टीव्हीवर विणलेला रुमाल पडायचा. घरात जो असेल त्यानं चटईवर बसायचं, मग तो कोणी का असेना. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी एकदा स्तोत्राच्या चार ओळी वाचायला लावल्या होत्या. त्यानं त्या छान वाचल्या, पण नंतर तो कायम सकाळीच यायला लागला. आमचे थोरले बंधू मिरजगावहून ज्वारीचं पोतं घेऊन आले, आमच्या दाराला कुलूप म्हणून मावशींकडे टेकले आणि सातात सापडले. मावशींनी त्यांच्या हातात गाण्यांचं पुस्तक दिलं. दादांनी ते गाणं चक्क भजनाच्या चालीत उचललं, शेवटी टाळ्याही धरल्या. मावशी एवढ्या खूश झाल्या, की दादांच्या गुडघ्यांचं नाव त्यांच्या यादीत कायमचं गेलं.

कुणीही काही अडचण सांगितली, की त्या म्हणायच्या, "काळजी करू नका. वर कळवलंय." आमच्या खात्यात या वाक्याचा अर्थ काम लटकलं असा होतो. पण मावशी हे म्हणाल्या की माणूस हलका होऊन घरी जायचा. शब्बीरभाई तर टेम्पो घेऊन लांब निघाले, की खिडकीशी थांबून सांगून जात, "मावशी, नांदेडची फेरी आहे, वर कळवा."

आता जे सांगायचं आहे ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

शमुवेल, म्हणजे शमू, चाकणला कंपनीत लागला. सुट्टीला घरी आला, की सात वाजता चटईवर बसायचा, पण ओठ मिटून. चोविशीतलं पोर. एका रविवारी तो बसलाच नाही. भिंत पातळ, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं.

"आई, माझं मन नाही त्यात. उगाच हात जोडून बसायचं नाटक मला जमत नाही."

"या घरात आधी प्रार्थना, मग ताट. ज्याला बसायचं न्हाई, त्यानं जेवूबी नये."

शमूनं आवाज चढवला नाही. बॅग उचलली आणि गेला. रूथ त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली. स्वयंपाक तसाच राहिला. मावशींनी मात्र त्या दिवशीही पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं, प्रार्थना केली, गल्लीतली सगळी नावं घेतली.

त्यानंतर सहा वर्षं तो आला नाही. रूथला फोन करायचा. लग्न केल्याचंही तिलाच कळवलं. पुढे रूथ लग्न होऊन श्रीरामपूरला गेली आणि चटईवर मावशी एकट्या राहिल्या. तरी सात चुकले नाहीत. पूर्वी तिघं आळीपाळीनं वाचायची, आता त्याच सगळं वाचायच्या. नावांची यादी संपता संपता त्या मध्येच गप्प व्हायच्या. चांगली दोन-तीन मिनिटं. मग 'आमेन' ऐकू यायचं. वयामुळे दम लागत असेल, असं मला वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोचं, सुनंदाचं, पिशवीचं ऑपरेशन ठरलं. आमची मुलगी परदेशात. मी दवाखान्यात पाऊल टाकलं, की माझेच हातपाय गार पडतात. मावशींनी विचारलंसुद्धा नाही. दोन लुगडी आणि चष्मा पिशवीत टाकून त्या आमच्याबरोबर रिक्षात बसल्या आणि आठ दिवस तिच्या उशाशी राहिल्या. तिची वेणी घातली, तिला धरून चालवलं, सलाईन संपत आलं की नर्सच्या आधी त्या उठायच्या. मला रोज दोनदा घरी हाकलायच्या. "मोहनराव, तुमचं तोंड बघून पेशंट घाबरतंय."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सुनंदाला हळूच विचारलं, "तुझ्यासाठी प्रार्थना करू का? तुझ्या देवाला राग न्हाई ना यायचा?"

"करा मावशी. फक्त हळू करा, बाकीच्या बायका आहेत."

मावशींनी खरंच हळू केली. सुनंदा झाली, मग शेजारच्या खाटेवरची बाई, मग तिच्या पलीकडची. शेवटी त्या थांबल्या. डोळे मिटलेले, सुनंदाचा हात हातात.

त्यांनी डोळे उघडल्यावर सुनंदानं विचारलं, "मावशी, घरीही तुम्ही अशाच थांबता. तिथं कोण असतं?"

मावशी पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "शमू असतो. बाकीच्यांचं काय मागायचं ते मला ठाऊक असतं. त्याचं काय मागू? त्याला माफ कर म्हणावं, तर चूक माझी. पोरं वाया जाऊ नयेत म्हणून मी घर राखत हुते. राखता राखता पोराला उपाशी दाराबाहेर घातलं. त्याचं नाव घ्यायला गेलं, की आवाजच निघत न्हाई. म्हणून मी नुसती त्याला धरून बसते."

मी स्टुलावर बसलो होतो. ज्या बाईनं माझं दुखणं गल्लीभर केलं, तिचं स्वतःचं दुखणं सहा वर्षं भिंतीला कान असून मला कळलं नव्हतं.

सुनंदा बरी होऊन घरी आल्यावर मी रूथकडून शमूचा नंबर घेतला. मावशींना सांगितलं नाही. त्यानं फोन उचलला, आवाज सावध होता.

"काका, आईनं सांगितलं का फोन करायला?"

"नाही. तिला माहीतही नाही."

"अजून माझ्यासाठी प्रार्थना करते का ती? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी?"

"नाही रे. तुझं नाव आलं, की तिला बोलता येत नाही. गप्प बसते."

"बरं काका," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, मी उगाच नाक खुपसलं.

महिन्याभरानं, एका शनिवारी साडेसहाला गल्लीत मोटार थांबली. शमू उतरला. बरोबर बायको आणि तीनेक वर्षांची मुलगी. मावशी दारात आल्या. त्याच्या गालावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग त्या पोरीला उचलून आत घेऊन गेल्या.

सात वाजले. भिंतीपलीकडून काहीच आवाज येईना. सव्वासात झाले. सुनंदाला राहवेना. वाटीत लोणचं घेऊन ती डोकावून आली.

"जेवायला बसलेत," ती म्हणाली. "मावशी वाढतायत. शास्त्र अजून फळीवरच आहे."

आम्ही दोघं बसून राहिलो. मग सुनंदा उठली, आमच्या देव्हाऱ्यापुढे उभी राहिली आणि मोठ्यानं एकेक नाव घ्यायला लागली. शब्बीरभाई टेम्पो घेऊन गेलेत, त्यांना सुखरूप आण. दादांचे गुडघे. कोपऱ्यावरच्या सुलभाचं बाळंतपण. तिच्या ध्यानात सगळी यादी होती. शेवटी म्हणाली, "आणि मावशींकडे आज त्यांची माणसं आलीत. त्यांना पोटभर जेवू दे."

मी सहसा देवापुढे उभा राहत नाही. त्या संध्याकाळी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.