पान दाखवा, फादर

प्रवचन चालू असताना चर्चमध्ये हात वर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पास्कल मास्तर. वर्गात मुलं करतात तसा कोपर बाकावर टेकवून, एक बोट सरळ वर. फादरांनी दुर्लक्ष केलं तर बोट तसंच राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी फादरच कंटाळून म्हणायचे, "बोला मास्तर." मास्तर उभे राहायचे आणि शांतपणे म्हणायचे, "पान दाखवा, फादर."

म्हणजे आत्ता तुम्ही जे बोललात, ते धर्मशिक्षणाच्या पुस्तकात कोणत्या पानावर आहे?

ते पुस्तक मास्तरांच्या कापडी पिशवीत कायम असे. खाकी कव्हर घातलेलं, मध्ये खुणेसाठी एसटीची जुनी तिकिटं खोचलेली. मी त्यांचा शेजारी, शिवाय आमच्या गावच्या पोस्टात काउंटरवर, त्यामुळे मला त्यांचा दुहेरी लाभ होता. डॉक्टरांनी मला मीठ कमी करायला सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "कोठी लिहिलं आहे? पान दाखव म्हना त्याले." त्यांची बायको वारली, तेव्हा कबरीपाशी फादरांनी प्रार्थनेतली एक ओळ गाळली. मास्तरांनी मुठीतली माती तशीच धरून ठेवली आणि म्हणाले, "एक ओळ राहिली." फादरांनी ती ओळ म्हटली, मगच माती पडली. लोक हसले नाहीत, पण घरी जाऊन हसले. मीही हसलो.

गोंदिया आमच्या जिल्ह्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला, पुष्कळ नोकरीवाल्यांच्या बदल्या तिकडे झाल्या, आणि आमच्या चर्चात वीसेक घरं उरली. वीस घरांत भांडायला विषय किती असणार? आमच्याकडे एकच होता. बिशप. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की चर्चच्या व्हरांड्यात चहा व्हायचा, आणि चहाबरोबर बिशप यायचे. म्हणजे ते स्वतः नव्हे. ते वर्षातून एकदा, सणाला यायचे. उरलेले एकावन्न रविवार आम्ही त्यांच्याशिवाय त्यांचा निकाल लावत असू.

एका बाजूला मास्तर. "बिशप म्हनजे शिकवनीचा चौकीदार. चौकीदारच झोपला तर चोराले काय म्हनता?" कुठल्याशा कार्यक्रमात बिशपांनी आरतीचं ताट हातात घेतलं, पेपरात फोटो आला, मास्तरांचं रजिस्टर पत्र गेलं. बिशपांच्या भाषणात नरक हा शब्दच आला नाही, पत्र गेलं. सगळी पत्रं माझ्याच हातून जायची. प्रत्येकाची पोचपावती परत यायची, उत्तर कधी यायचं नाही. मास्तर पोचपावतीवरची सही निरखून म्हणायचे, "वाचलं आहे. बोलाची हिंमत नाही."

दुसऱ्या बाजूला व्हेरोनिकाबाई. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली दाई, आवाज दणदणीत. "मास्तर, येशूनं पान पाहून कोनाले बरं केलं का जी? बिशप चुकत असन तर गरिबाकडे पाहत नाही म्हनून चुकते. ताट धरलं म्हनून नाही." मग मास्तर पुस्तक काढायचे, बाई चहाचा कप आपटायची, आणि मी बिस्किटं फिरवायचो. माझी बाजू तेवढीच होती.

आता सिसिलियाचं सांगायला हवं. मास्तरांची एकुलती एक मुलगी, नर्स. लग्न मास्तरांनीच जमवलं होतं, नवरा गोंदियाकडचा, घराणं चांगलं कॅथलिक. सहा महिन्यांनी कळलं की लग्नाआधीपासूनच त्याचा रायपूरला दुसरा संसार होता, एक मूलही होतं, आणि घरच्या सगळ्यांनी ते लपवलं होतं. सिसिलिया परत आली. कोर्टात घटस्फोट झाला. पुढे लाखांदूरकडच्या एका आरोग्य केंद्रात तिला नोकरी लागली, तिथल्या शाळेतल्या शिक्षकाशी तिनं लग्न केलं. मुलगा बौद्ध घरातला, शांत, निर्व्यसनी. मास्तर लग्नाला गेले नाहीत.

लग्नानंतर एका रविवारी ती एकटीच मिस्सेला आली. आमच्यात मिस्सेच्या शेवटी सगळे रांगेनं पुढे जातात आणि फादरांच्या हातून कम्युनियन घेतात, म्हणजे पवित्र भाकर. पहिला जोडीदार जिवंत असताना दुसरं लग्न केलेल्याला ती मिळत नाही. सिसिलिया उठली आणि मास्तरांच्या मागे रांगेत उभी राहिली. मास्तरांनी मागे वळून पाहिलं, तिचं मनगट धरलं आणि तिला रांगेतून बाहेर काढलं. जोरात नाही. वर्गातल्या मुलाला बाकाबाहेर काढावं तसं. ती भिंतीशी क्षणभर उभी राहिली आणि दारातून निघून गेली. मी त्यांच्या मागे तिसरा होतो. मी एक पाऊल पुढे सरकलो, कारण रांग पुढे सरकली होती.

त्यावर व्हरांड्यात कोणी बोललं नाही. सात वर्षं बोललं नाही. सिसिलियाही पुन्हा आली नाही.

मग सातव्या वर्षीच्या सणाला बिशप आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एका ठेकेदाराला कम्युनियन दिलं. हा ठेकेदार गोसीखुर्द धरणाच्या कालव्याची कामं घ्यायचा, आमच्या चर्चवरचं नवं छप्पर त्यानंच घालून दिलेलं. त्याची पहिली बायको नागपुरात होती, जिवंत, धडधाकट. दुसरी शेजारी उभी होती, जरीची साडी नेसून. दोघांनीही घेतलं.

मास्तरांनी त्या दिवशी बोट वर केलं नाही. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. पाकीट जाड होतं. मी वजन करताना ते म्हणाले, "नियम असन तर सगळ्याइले. नाहीतर कोनालेच नाही. मंग माह्या पोरीले मी काहून..." मग त्यांनी पाकिटाकडे बोट केलं. "तिकीट नीट लावा," म्हणाले.

या खेपेला उत्तर आलं. जाड कागद, वर बिशपांच्या कार्यालयाचा शिक्का. मास्तरांनी ते चार दिवस फोडलं नाही. रविवारी व्हरांड्यात सगळ्यांसमोर, चहा ओतला गेल्यावर, पाकीट माझ्या हातात दिलं. "तुमी वाचा. खणखणीत वाचा. फादर, तुमीपन बसा."

मी वाचलं. पत्र सभ्य होतं, छोटं होतं. ज्या गृहस्थांविषयी आपण लिहिता, त्यांचं पहिलं लग्न फसवणुकीनं झालं होतं. चर्चच्या न्यायालयानं चौकशी करून ते लग्न मुळात झालंच नव्हतं असा निर्णय दिला आहे, आणि हे आपणास कळवण्याची त्या गृहस्थांनी परवानगी दिली आहे. अशा अर्जाची सोय प्रत्येक कॅथलिकाला आहे. आपण ज्या पुस्तकाचा दाखला देता, त्यातही तिचा उल्लेख आहे. पुढे पानाचा आकडा होता.

मास्तरांनी पिशवीतून पुस्तक काढलं. ते पान सापडायला वेळ लागला, कारण तिथं खुणेचं तिकीट नव्हतं. चष्मा वर करून त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग फादरांकडे पाहून म्हणाले, "हे तुमाले माहीत होतं?"

"होतं," फादर म्हणाले.

"मंग माह्या पोरीच्या वक्ती मले काहून नाही सांगतलं?"

फादर तरुण होते. त्यांची मान खाली गेली. "मास्तर, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला माहीत नाही असं पुस्तकात काही असेल, हे माझ्या मनातच आलं नाही."

व्हेरोनिकाबाई एरवी अशी संधी सोडणारी नव्हती. ती कपाकडे पाहत हळूच म्हणाली, "ठेकेदाराले वकील होता. त्यानं दाखवलं पान. आमाले कोन दाखवनार?" मग उठून तिनं मास्तरांचा गार झालेला चहा टाकून दिला आणि गरम आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

चार दिवसांनी मास्तर मला म्हणाले, "सोबत चाला." मी रजा टाकली. फादरांकडून अर्जाचा नमुना त्यांनी आणला होता, तो पिशवीत होता. पवनीला जाऊन लाखांदूरची बस धरली. दोन्ही बाजूला शेतांतल्या चिखलात धानाची रोवणी चालली होती. लाखांदूरपासून पुढे ऑटो.

रात्रपाळी करून आलेल्या सिसिलियानं दार उघडलं. सात वर्षांत थोडी जाड झाली होती, कपाळावर चष्मा. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बसा बाबा," म्हणाली आणि पाणी आणलं.

मास्तरांनी पाणी पिण्याआधी कागद बाहेर काढला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फसवणूक, न्यायालय, अर्ज, दोन साक्षीदार. पाठ केल्यासारखं. "साक्षीदार म्हनून मी उभा राहतो. माहीच चूक होती, मीच पोरगा पाहिला होता. एक सही कर, बस. मंग तुले कम्युनियन घेता येते."

तिनं कागद वाचला. नर्स औषधाची चिठ्ठी वाचते तसा, वरपासून खालपर्यंत. मग घडी घालून त्यांच्या हातात परत दिला.

"बाबा, तवा मी कम्युनियनसाठी नव्हती आली. मले माहीत होतं भेटत नाही म्हनून. तुमच्या मांगं उभी राहाले आली होती. तुमी वळून पाहाल, काहीतरी बोलाल, एवढंच."

मास्तर खुर्चीत बसले. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं आतून भांड्यांचा आवाज आला.

जेवण झालं. जावई शाळेतून आला, "बाबूजी" म्हणून पाया पडला. मास्तरांना त्याला काय म्हणावं कळेना, तर त्यांनी विचारलं, "कोनता विषय शिकवता?" तो म्हणाला, गणित. मास्तर म्हणाले, "चांगला विषय आहे." निघताना सिसिलिया ऑटोपर्यंत आली. "पुढच्या वक्ती फारम नका आनू," म्हणाली.

"मंग काय आनू?"

"काही नोको. नुसते या. पन रविवारी या, मले तोच दिवस सुट्टी राहते."

रविवारी आमच्या गावाहून लाखांदूरची गाडी गाठून देणारी एकच बस आहे, सकाळी नऊची. मिस्सा नऊलाच असते. रविवारची मिस्सा जाणूनबुजून चुकवणं हे मोठं पाप, हे आमच्या गावात सगळ्यात जास्त वेळा मास्तरांनीच सांगितलेलं. ते महिन्यातले दोन रविवार नऊच्या बसला बसतात.

उरलेल्या रविवारी चर्चमध्ये येतात. पाप कबूल करायला ते फादरांकडे गेले होते, हे त्यांनीच मला सांगितलं. "फादरनं विचारलं, पुन्हा करनार नाही ना? म्या म्हनलं, करनार आहो. तर ते म्हनाले, मास्तर, बिमार मानसाले भेटाले गेलो समजा, मी सूट देतो. म्या म्हनलं, ती बिमार नाही. खोटं काहून बोलू? पश्चात्ताप नाही तर क्षमा नाही. अन् क्षमा नाही तर कम्युनियन नाही."

"मग आता?" मी विचारलं.

"मंग काही नाही," मास्तर म्हणाले.

कम्युनियनची वेळ झाली की आमचा बाक उठतो. मास्तर उठत नाहीत. ते बाकाच्या टोकाला बसतात, आणि आम्हाला रांगेकडे जायला जागा व्हावी म्हणून दोन्ही गुडघे एका बाजूला वळवून घेतात.